चिठ्ठी तीच, डबा वेगळा

१२ एप्रिल १९६९ ला महाराष्ट्र सरकारने राज्य लॉटरी सुरू केली. कशासाठी, तर भोळ्याभाबड्या लोकांनी मटक्यासारख्या बेकायदा जुगाराच्या नादी लागू नये आणि तिजोरीतही चार पैसे यावेत. हा उद्देश सरकारनेच सांगितलेला आहे. थोडक्यात, लोकांचं आकड्याचं वेड घालवायला सरकारने स्वतःचा आकडा काढला. त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. लॉटरी आहे आणि मटकाही आहे. मधल्या काळात मोबाइलवर त्यांचं तिसरं भावंड जन्मलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून लॉटरीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला.

तेव्हापासून चहाच्या टपरीवर, लोकलमध्ये, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर एकच वाक्य ऐकतोय. "गरीब असून पैसे उडवतात, अक्कल नाही लोकांना." मी गेली वीसेक वर्षं छोट्या वर्तमानपत्रांत काम करतोय. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, बिऱ्हाड दहिसरला. दोन्हीकडे आकडा लावणारी माणसं जवळून पाहिली आहेत. त्यांना हिशेब कळत नाही हे मला पटत नाही. म्हणून हा थोडा इतिहास. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात फोर्टातून करू. एशियाटिकच्या पायऱ्या सिनेमांतून सगळ्यांना ठाऊक आहेत. ती इमारत म्हणजे मुंबईचा टाउन हॉल, १८३३ साली पूर्ण झालेला. त्याच्यासाठी सुरुवातीला लॉटरी काढून पैसा उभा करायचा प्रयत्न झाला होता. तो पुरला नाही, शेवटी सरकारला भर घालावी लागली. कलकत्त्यात तर १८१७ साली 'लॉटरी कमिटी' नेमून तिच्या पैशातून रस्ते आणि तलाव केले गेले. म्हणजे लॉटरी ही काही झोपडपट्टीत उगवलेली खोड नव्हे. साहेबाने ती राजरोस वापरलेली आहे.

पुढे १८७० साली भारतीय दंड विधानात २९४-अ हे कलम आलं. सरकारच्या परवानगीशिवाय लॉटरीचं दुकान चालवणं गुन्हा ठरला. या कलमातला 'परवानगीशिवाय' हा शब्द लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास त्या एका शब्दाभोवती फिरतो.

मुंबईत त्या काळी पावसावर पैजा लागायच्या. ठरलेल्या वेळेत पाऊस पडेल का, पन्हळीतून पाणी वाहील का, यावर पैसे. १८८७ साली मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा आला, पण पावसाची पैज त्यात नीट बसेना. म्हणून १८९० साली दुरुस्ती करावी लागली. हा १८८७ चा कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे. त्यात 'जुगार' या शब्दाच्या व्याख्येत लॉटरी धरलेली नाही. तिचं खातं तेव्हापासूनच वेगळं.

पावसानंतर आला कापूस. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव किती उघडला आणि किती बंद झाला, हे टेलिप्रिंटरवरून मुंबईला कळायचं. त्या भावाच्या शेवटच्या आकड्यावर पैसे लागायचे. 'आकडा' हा शब्द तिथून आला. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्दही तिथलेच, बाजार उघडतानाचा भाव आणि बंद होतानाचा भाव. आजही आमच्या कोकणातला एखादा म्हातारा "ओपनला काय आलं?" असं विचारतो तेव्हा त्याच्या तोंडी न्यूयॉर्कचा कापूस बाजार असतो. त्याने जन्मात कापसाचं शेत पाहिलेलं नसतं.

१९६१ साली न्यूयॉर्कहून हे भाव येणं थांबलं. धंदा मात्र थांबला नाही. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळी मटका सुरू केला. मूळचे कच्छमधले शेतकरी कुटुंबातले, मुंबईत येऊन वरळीत किराणा दुकान चालवणारे. १९६४ साली रतन खत्री यांनी 'न्यू वरळी' मटका काढला. ते फाळणीनंतर कराचीहून आलेले सिंधी. आकडा काढायला आता अमेरिकेची गरज उरली नाही. मडक्यात आकड्यांच्या चिठ्ठ्या टाका आणि काढा. पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा अंक तो ओपन. रात्री उशिरा पुन्हा तसंच, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. मडकं गेलं, नाव तेवढं राहिलं.

हा खेळ वाढला गिरणगावात. परळ, लालबाग, वरळी, डिलाइल रोड. एका खोलीत आठ-दहा गाववाले, खानावळीचं जेवण, दर महिन्याला गावी मनीऑर्डर. कोकणातला, साताऱ्याचा, कोल्हापूरचा गिरणी कामगार मुंबईत कमवायचा, पण त्याचं घर गावी असायचं. म्हणून मुंबईचा मटका हा फक्त मुंबईचा इतिहास नाही, गावातल्या घरांचाही आहे. चाकरमानी शिमग्याला किंवा गणपतीला घरी यायचा तेव्हा ट्रंकेत कापड, फटाके आणि डोक्यात आकडा घेऊन यायचा. मग आकडा एकटाच प्रवास करायला लागला. आमच्या गावात टेलिफोन नव्हता तेव्हा रात्रीचा क्लोज सकाळी पहिल्या एसटीबरोबर यायचा. एसटीडी बूथ आले तेव्हा तो रात्रीच यायला लागला. कुणाला स्वप्नात साप दिसला तर त्याचा आकडा काय, मेलेला बाप दिसला तर कुठला, हे सांगणारे जाणकार प्रत्येक वाडीत तयार झाले. आकडा देणारे बुवाही निघाले. तुमच्याही गावात असतील.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मिटला असं झालंच नाही. कित्येक जण गावी परतले. कित्येकांनी पुढे गिरणगावातली खोली विकून उत्तरेकडचा रस्ता धरला, बोरिवली, दहिसर, नालासोपारा, विरार. मटक्याचं मोठं गिऱ्हाईक विखुरलं आणि मटकाही त्याच्याबरोबर विखुरला.

आता दहिसरचं सांगतो. १९५७ साली मुंबईची हद्द वाढली तेव्हा दहिसर मुंबईत आलं. तोवर ते महापालिकेच्या बाहेरचं गाव होतं. भातखाचरं, वाड्या, गावठाण, खाडीवर मासेमारी. तुळशी तलावाकडून येणारी दहिसर नदी तेव्हा नदीच होती. इथल्या जुन्या घरांकडे जमीन होती, रोकड नव्हती. नंतर आलेल्यांकडे मजुरी होती, जमीन नव्हती. त्यात मुंबईचा जकात नाका इथे. जुलै २०१७ मध्ये जकात गेली, तोवर ट्रकांच्या रांगा लागायच्या. ड्रायव्हर, क्लीनर, हमाल, दलाल, चहावाले, सगळे रोजच्या रोज रोकड हातात येणारे आणि रोजच्या रोज ती संपणारे. अशा ठिकाणी आकडा लिहिणारी टपरी नसेल तरच नवल. मधूनमधून धाड पडायची, दोन ओळींची बातमी मीही दिलेली आहे. चार दिवसांनी टपरी पुन्हा उघडायची.

थोडं गणित बघू, फार नाही. मटक्यात एका अंकावर एक रुपया लावला आणि तो आला तर नऊ रुपये मिळतात. अंक दहा आहेत. म्हणजे दहा जणांनी दहा वेगवेगळ्या अंकांवर रुपया-रुपया लावला तर दहा रुपये जमतात, नऊ वाटले जातात, दहावा रुपया चालवणाऱ्याचा. जोडीला नव्वद मिळतात आणि जोड्या शंभर, हिशेब तोच. ऐकायला दहा टक्के फार वाटत नाहीत. पण जिंकलेला माणूस घरी जात नाही, पुन्हा लावतो. शंभर रुपये असे दहा वेळा फिरवले तर सरासरी पस्तीस उरतात. बाकीचे पासष्ट दहाव्या रुपयाच्या वाटेने गेले. बुकीला कुणाला फसवावं लागत नाही. लोक परत येतात एवढं त्याला पुरतं.

आणि सरकारी लॉटरीत? तिकिटाच्या पैशातून आधी छपाई, विक्रेत्याचं कमिशन, जाहिरात, कर आणि सरकारचा वाटा निघतो. उरेल त्यातून बक्षिसं. म्हणजे दहाव्या रुपयावर भागत नाही, जास्तच जातात. फरक इतकाच की ते पैसे पावतीने जातात आणि बक्षीस बुडत नाही. हा फरक लहान नाही. पण खेळणाऱ्याच्या घराचा हिशेब त्याने सुधारत नाही.

सरकारची गंमत इथेच आहे. १९५७ साली, म्हणजे दहिसर मुंबईत आलं त्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयात एक मोठा खटला निकाली निघाला. मुंबई राज्य विरुद्ध आर.एम.डी. चमारबागवाला. बेंगळुरूच्या एका वर्तमानपत्रातून बक्षिसाची शब्दकोडी चालायची आणि तिचे फॉर्म मुंबई राज्यातून भरले जायचे. मुंबई राज्याने त्यावर निर्बंध आणि कर लावले होते. कोर्टाने राज्याची बाजू उचलून धरली आणि सांगितलं की जुगार हा व्यापार नव्हेच, त्याला व्यापाराच्या स्वातंत्र्याचं संरक्षण नाही. निकालपत्रात ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्ताचा आणि महाभारतातल्या द्यूताचा दाखला आहे. इतकं सगळं सांगून झालं आणि बारा वर्षांनी त्याच राज्याच्या वारसाने स्वतःची लॉटरी काढली.

कारण मधे केरळचा धडा मिळाला होता. केरळने १९६७ साली देशातली पहिली राज्य लॉटरी सुरू केली. एक रुपयाचं तिकीट, पन्नास हजारांचं पहिलं बक्षीस. बाकीच्या राज्यांनी ते पाहिलं आणि एकेक करून उतरली. घटनेतही सोय होतीच. जुगार हा राज्यांचा विषय, पण सरकारी लॉटरी केंद्राच्या यादीत, ४० व्या नोंदीत. म्हणजे एकाच खेळाची दोन खाती, १८८७ पासून चालत आलेली.

मग राज्यांचीच आपसात स्पर्धा लागली. महाराष्ट्राने स्वतःची लॉटरी चालू ठेवून इतर राज्यांच्या तिकिटांवर बंदी घातली. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने एच. अनराज खटल्यात ती बंदी रद्द केली. पुढे १९९० च्या दशकात एकअंकी लॉटऱ्या आल्या. दिवसातून अनेक सोडती, एका अंकावर पैसे, संध्याकाळपर्यंत निकाल. नीट बघितलं तर हा मटकाच होता, फक्त वर सरकारी शिक्का होता. मटका मोडायला निघालेली लॉटरी तीस वर्षांत मटका होऊन बसली. शेवटी १९९८ च्या केंद्रीय लॉटरी कायद्याने एका अंकावर बक्षीस देण्याला मनाई केली आणि एका लॉटरीची आठवड्यात एकच सोडत असं बंधन घातलं. त्यानंतर काही वर्षांत ऑनलाइन लॉटरीची झगमगीत दुकानं आली, दर गुरुवारी टीव्हीवर कोटींची सोडत. मग मोबाइल.

काही राज्यांनी दुसरा रस्ता धरला. तमिळनाडूने २००३ साली लॉटरी बंद केली, कर्नाटकने २००७ साली. केरळने मात्र ती चालूच ठेवली. तिथे २०११ पासून 'कारुण्य' लॉटरीचा पैसा गरिबांच्या आजारपणासाठी वापरला गेला. हे चांगलंच झालं, पण विचार करा. ज्याला आजारपणाची भीती आहे तोच ते तिकीट घेतो, आणि त्याच्या तिकिटातून त्याच्यासारख्याच दुसऱ्याचं ऑपरेशन होतं. गरिबाने गरिबासाठी काढलेली ही वर्गणी आहे. तिला 'नशीब' म्हटलं की लोक हसत देतात, 'कर' म्हटलं असतं तर कुरकुर झाली असती.

आता मूळ प्रश्न. लोक का खेळतात?

हाव, व्यसन, अडाणीपणा ही उत्तरं आपण पटकन देतो. व्यसन खरं आहे, त्याने घरं उद्ध्वस्त झालेली मी पाहिली आहेत, त्यावर पांघरूण घालायचं नाही. पण दहा-वीस रुपये नेमाने लावणारी बहुतेक माणसं व्यसनी नसतात. आमच्या वाडीतले एक काका होते, गिरणीतून परत आलेले. त्यांना मी एकदा विचारलं, नऊ रुपयांत तुम्ही श्रीमंत कसे होणार? ते म्हणाले, "श्रीमंत कोण होतंय? कौलं बदलायचीत रे. दिवसाचे वीस वाचवून कौलं कधी होत नाहीत. वीस रुपये घरात राहतच नाहीत." या वाक्यात जेवढं अर्थशास्त्र आहे तेवढं मला डिप्लोमाच्या पुस्तकांत सापडलं नव्हतं.

गरीब घराचा मोठा प्रश्न रोजच्या जेवणाच्या पुढचा असतो. रोजचं कसंबसं निघतं. अडतं ते एकरकमी पैशाला. कौलं, बैल, पोरीचं लग्न, पोराची फी, शिलाई मशीन, रिक्षाचं डिपॉझिट, दवाखाना. बँक कर्ज देत नाही, सावकार देतो पण गळा धरतो. घरात साठवावं तर पाहुणा येतो, ताप येतो, दारूडा भाऊ येतो. मग वीस रुपये आकड्यावर जातात. जोडी लागली तर वीसचे अठराशे होतात आणि मुख्य म्हणजे एकदम हातात येतात. आकडा या माणसाला वाईट का असेना, एकरकमी पैसा मिळवायचं दुकान वाटतो.

हे फक्त आपल्याकडचं नाही. युगांडातल्या कंपाला शहरात सिल्व्हान हर्सकोविट्झ या अर्थशास्त्रज्ञाने फुटबॉलवर पैजा लावणाऱ्या कमी कमाईच्या लोकांचा अभ्यास केला. २०२१ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की जिंकलेला पैसा मोठ्या, एकरकमी खरेदीकडे जातो. आणि ज्यांना बचतीसाठी साधी पेटी दिली त्यांची पैज लावायची ओढ कमी झाली. उपदेश नव्हे, पोलीस नव्हेत, एक पेटी.

आपल्याकडे ती पेटी शंभर वर्षं तरी घराघरांत आहे. तिला भिशी म्हणतात.

दहिसरच्या कुठल्याही चाळीत जा. बारा बायका, महिन्याला हजार रुपये. दर महिन्याला बारा हजार जमतात. डब्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकतात, लहान पोराला एक काढायला सांगतात, जिचं नाव निघेल तिला बारा हजार. तिची चिठ्ठी पुढच्या महिन्यापासून बाद. जरा नीट बघा. मटक्यातही चिठ्ठी, इथेही चिठ्ठी. तिथे मडकं, इथे स्टीलचा डबा. नशिबाची धाकधूक दोन्हीकडे, टाळ्या दोन्हीकडे, एकरकमी पैसा दोन्हीकडे. फक्त भिशीत दहावा रुपया कुणी नेत नाही, आणि वर्षभरात प्रत्येकीचा आकडा एकदा लागतोच. नशीब एवढंच ठरवतं की जानेवारीत की डिसेंबरात.

भिशी बुडतेही, हे मला माहीत आहे. चालवणारी पळून जाते, बोलीच्या भिशीत गरजू माणूस कमी पैशांत उचल घेतो आणि कापला जातो. मोठ्या चिट फंडांसाठी १९८२ चा कायदा आहे, चाळीतल्या भिशीमागे ओळख आणि विश्वास सोडून काही नाही. तरीही ती चालते, कारण तिने ती गरज ओळखली आहे जी सरकारच्या लॉटरीने कधी ओळखली नाही. बचत गटांनी, गावच्या पतपेढ्यांनी, पोस्टाच्या आवर्त ठेवीनेही हेच काम केलं, जिथे ती नीट चालली तिथे.

म्हणून नव्या बंदीबद्दल माझं मत असं. मोबाइलवरचा जुगार बंद व्हायलाच हवा होता. मटका निदान टपरीपर्यंत चालायला लावायचा आणि रात्री बंद व्हायचा, हा उशाशी झोपतो. पण १८८७ पासून आपण डबे बंद करत आलोय. पाऊस बंद केला, कापूस आला. कापूस बंद झाला, मडकं आलं. मडक्याला पर्याय म्हणून तिकीट आलं, तिकिटाचा एकअंकी झाला, तो बंद केला तर ऑनलाइन आलं. गरज तिथेच उभी आहे आणि दर वेळी नवा डबा शोधते. लॉटरीवर ४० टक्के जीएसटी लावून तिजोरी भरेल, कौलं बदलणार नाहीत. त्या करातला थोडा भाग जरी बिनव्याजी छोट्या उचलीसाठी, भिशीला विम्याचं संरक्षण देण्यासाठी वापरला, तर १९६९ साली सांगितलेला उद्देश निदान आता कामाला लागेल.

तुमच्या गावात आकडा कधी आला, कोण आणायचं आणि लागला तर लोक त्या पैशाचं काय करायचे, हे कमेंटमध्ये लिहा. नावं नकोत, गाव आणि साल पुरे. भिशीचे अनुभवही लिहा, बुडालेले सुद्धा. हा इतिहास कुठल्या सरकारी दप्तरात नाही, आपल्या घरांत आहे, आणि तो सांगणारी माणसं आता थोडी राहिली आहेत.